दिवाळ्याच्या होडीला रंग

"मावशी, डबा बंद करा!" सिक्युरिटी ओरडला, तोवर हिराबाईंनी रंगात ब्रश बुडवला होता.

बेलापूरच्या आमच्या आर्ट म्युझियममध्ये भिंतीवरचा मजकूर मी लिहिते. आधी खाडी वाचवायची पॅम्फ्लेटं लिहायचे. दिवाळे गावच्या हिराबाईंनी नवरा गेल्यावर त्याची छोटी होडी आम्हाला दिली. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, त्याने रंगवलेले मोर. शेजारी माझी पाटी : 'त्यांच्या हातचा शेवटचा रंग.'

"शेवटचा कुनी सांगला?" हिराबाई माझ्यावरच घसरल्या. "नारली पुनव आली. होडी रंगवल्याबिगर ठेवतान काय? बेवारशी दिसते."

"पण काकांचे मोर जातील."

"जाऊ दे. दरसाल तोच जुनं खरवडून नवीन काढायचा. आता तो नाय, त मी काढते."

मी तडक डायरेक्टर मॅडमच्या केबिनमध्ये घुसले. "होडी गावाची आणि बंदी गावालाच? लाज वाटायला हवी आपल्याला!"

"पॅम्फ्लेट नंतर. आधी बस."

कंझर्वेशन म्हणजे वस्तू आली तशी राखायची, रंगाचा पोपडाही पडू द्यायचा नाही. दिल्लीत, परदेशात मॅडमनी जन्मभर हेच केलं. ही होडी मिळावी म्हणून दिवाळ्याला किती खेपा घातल्या! रिटायर होण्याआधी मुख्य दालनात त्यांना तीच हवी होती.

"रीत मला माहीत होती गं," त्या म्हणाल्या. "वाटलं, होडी इथे आल्यावर हिराबाई रंगवायला मागणार नाहीत."

"मग रंगवू द्या."

"इथे? मग आजवर मी काय केलं?"

शेवटी त्यांनी ट्रस्टींना फोन लावला. डीअ‍ॅक्सेशन करायचंय म्हणाल्या. म्हणजे वस्तू संग्रहातून काढून टाकायची. आमच्याकडे हा शब्द दबक्या आवाजात बोलतात.

"मॅडम, म्युझियम आहे की बोटींचं गॅरेज?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"गॅरेजवाले निदान गाडी मालकाला परत देतात," मॅडम म्हणाल्या.

होडी टेम्पोत चढवताना त्यांनी ग्लोव्हज काढले आणि मोरावर हात ठेवला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

पुनवेला आम्ही दिवाळ्याला गेलो. होडी निळीशार. हिराबाईंचे मोर कोंबड्यांसारखे दिसत होते.

"कशी दिसते, मॅडम?"

"छान."

त्या मात्र निळ्याखाली जुना मोर कुठे दिसतोय का, तेच शोधत होत्या.

मॅडम रिटायर झाल्या. मुख्य दालन अजून रिकामंच आहे. आता वस्तू घ्यायच्या आधी देणाऱ्याला मी एकच विचारते : हिच्याशी तुमचं काम संपलंय ना? हिराबाईंचं संपलं नव्हतं. मॅडमचंही.