ताईची चुकांची वही

ताई गेली तेव्हा माझ्या क्लासात सराव परीक्षा चालू होती. बुधवार पेठेत, पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी गेली अठरा वर्षं शिकवतो. चाळीस चाळीस मिनिटांचे तीन भाग, आणि तेवढा वेळ सगळ्यांचे फोन मुके करून कपाटात, हा नियम मलाही लागू. पेपर संपल्यावर कपाट उघडलं तर भाऊजींचे चार मिस्ड कॉल होते. पहिला कॉल येऊन पावणेदोन तास झाले होते... त्याला आता सात आठवडे होतील. ताईला हे कळलं असतं तर म्हणाली असती, "बरोबरच आहे, सरांचा नियम म्हणजे ब्रह्मवाक्य!"

वृंदाताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बी.कॉम. झाल्यावर तिलाही हीच परीक्षा द्यायची होती, पण नेमका तेव्हा बाबांना अर्धांगवायू झाला आणि घरात कोणीतरी कमावतं हवं म्हणून ती विमा कंपनीत चिकटली. मी शिकलो. याबद्दल ती कधी बोलली नाही, म्हणून मीही सोयीस्कर विसरलो. लग्न होऊन ती विश्रांतवाडीला गेली, आणि दोन वर्षांपूर्वी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका संध्याकाळी माझ्या क्लासात येऊन मागच्या बाकावर बसली. मी म्हटलं, "अगं, हे काय?"

"दरवर्षी ऑफिसात एक नवा साहेब येतो. मी त्याला काम शिकवते, आणि शिकला की त्याची बढती होते. म्हटलं, एकदा आपणच साहेब होऊन बघावं. घेतोस क्लासात, की वयाची अट आहे?"

मी तिला वेळापत्रक आखून दिलं. पहाटे साडेपाच ते सात गणित, ऑफिसच्या बसमध्ये उतारे वाचायचे, रविवारी सकाळी पूर्ण पेपर. आणि माझ्या क्लासची खासियत म्हणजे चुकांची वही. पेपराला जितका वेळ, तितकाच चुका लिहायला द्यायचा. तीन रकाने: प्रश्न, काय चुकलं, का चुकलं. आठवड्याला मी ती वही तपासून खाली लाल पेनानं शेरा मारायचो. मुलं 'का चुकलं'मध्ये 'घाई' लिहून मोकळी होतात. ताई मात्र लिहायची, 'प्रश्न अर्धाच वाचला. आईवर गेले आहे.' रविवारी शेजारपाजारचे बेल वाजवून हैराण करत, तर तिनं दारावर पाटी लावली: 'सराव चालू आहे. बेल वाजवू नये. फारच तातडीचे असल्यास चाळीस मिनिटांनी पुन्हा विचार करावा.' वाडीत राहून पेठेला लाजवेल अशी पाटी! मला तिचा फार अभिमान वाटायचा, पण तो मी कधी बोलून दाखवला नाही.

माझा आणखी एक नियम होता. सलग तीन सराव परीक्षांत नव्वद पर्सेंटाइलच्या वर गेल्याशिवाय खऱ्या परीक्षेला बसायचं नाही. अर्धवट तयारीनं गेलेली मुलं खचतात, असं मी सांगायचो. ते खोटं नाही. पण क्लासच्या निकालाचा फलकही त्यामुळे चांगला दिसतो, हेही खरं आहे. ताई दोनदा नव्वदच्या वर गेली, तिसऱ्यांदा शहाऐंशीवर अडकली. परीक्षेला आठ दिवस होते आणि हॉल तिकीट आलेलं होतं. मी म्हणालो, "ताई, यंदा राहू दे. पुढच्या वर्षी पूर्ण तयारीनं बस."

"नुसती बसून बघू का रे, नित्या?"

"नुसती म्हणजे? परीक्षा आहे का हळदीकुंकू?"

ती जराशी हसली आणि "बरं, सर" म्हणाली. चेष्टेत नव्हे... तिनं मला असं सर म्हटलं ते तेवढं एकदाच. सरांची सख्खी बहीण कमी गुण घेऊन आली तर मुलं काय म्हणतील, हा विचार माझ्या मनात होता. तिला मात्र मी 'तुझ्या भल्यासाठी' असंच सांगितलं.

परीक्षेच्या रविवारी तिला बरं वाटावं म्हणून मीच सगळ्यांना खडकवासल्याला घेऊन गेलो. धरणाच्या भिंतीशी आम्ही भाजलेली कणसं खात उभे होतो. ताई घड्याळाकडे बघून म्हणाली, "पहिला भाग संपला असेल." भाऊजी म्हणाले, "अगं, कणीस गार होतंय." चाळीस मिनिटांनी ती पुन्हा म्हणाली, "आता गणित सुरू होईल." मला तेव्हा हसू आलं होतं, आणि मी ते दडवलंही नाही.

फेब्रुवारीत तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. हॉस्पिटलात ती म्हणाली, "जुलैपासूनचं वेळापत्रक करून ठेव हं." मी करून नेलं, रंगीत. तिनं उशीखाली ठेवलं. 'ताई, माझं चुकलं' एवढे तीन शब्द त्या वेळापत्रकात कुठेच बसले नाहीत, आणि तोंडूनही निघाले नाहीत.

परवाच्या रविवारी भाऊजींकडे गेलो. दारावरची पाटी तशीच आहे. बेलपर्यंत गेलेला हात थांबला, शेवटी कडी वाजवली. चहा झाल्यावर भाऊजींनी ताईची वही आणून दिली. "तुझ्याकडेच असू दे," म्हणाले. शेवटची नोंद खडकवासल्याच्या रविवारची होती. प्रश्नाच्या रकान्यात 'आजचा पेपर'. काय चुकलं: 'दिला नाही'. का चुकलं: 'बसायचंच होतं, तर नित्याला विचारलं कशाला?'

खाली शेऱ्याची जागा तिनं नेहमीसारखी कोरी सोडली होती. लाल पेन माझ्या खिशात असतंच. मी लिहिलं, 'ही चूक विद्यार्थिनीची नाही,' आणि खाली सही केली... सर म्हणून नव्हे, नित्या म्हणून.