पुढच्या चाकातली हवा

माझा मुलगा त्या सायकलीला ग्रॅव्हल बाईक म्हणतो, मी सायकल म्हणतो. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं, टायर रुंद. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, साधी घंटीसुद्धा नाही. त्याने स्वतःला नवी घेतली तेव्हा ही जुनी माझ्याकडे, बख्शी का तालाब या आमच्या गावी आणून टाकली. अंगणात पडून राहील असं त्याला वाटलं असणार. मी पडू दिली नाही. रोज सकाळी चहा झाला की नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेच्या कच्च्या रस्त्याने लांब जाऊन यायचो. वाटेत ऊस, मोहरी, आणि भुंकणारी कुत्री.

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही रडतखडत. पुढे सगळी नोकरी इथल्या हवाईदलाच्या गाड्यांच्या शेडमध्ये टायर चढवण्या-उतरवण्यात गेली. तिथे एक गोष्ट अंगात भिनली. गाडी गेटबाहेर काढायची तर टायर दगडासारखं पाहिजे. मऊ टायरची गाडी निघाली की शिव्या आम्हाला. अजूनही कुठे सायकल उभी दिसली की माझा अंगठा आपोआप टायरवर जातो. चौकातला पंक्चरवाला ओरडतो, "चाचा, बस करो, फट जाएगा!" अजून तरी फुटलेलं नाही.

गेल्या थंडीच्या सुरुवातीला सीतापूर रोडवर गाईचा एक बछडा आडवा आला आणि मी पडलो. कोपर सोलवटलं, एवढंच. पण मुलगा शहरातून, गोमती नगरच्या त्याच्या घरून धावत आला आणि दारातच म्हणाला, "बाबा, आता सायकल बंद."

"का? हात मोडला का माझा?"

"मोडायची वाट बघायची का? तुम्ही इथे एकटे. कोण उचलणार?"

मी म्हणालो, तू आणि तुझी पोरगी पहाडात सायकली घेऊन जाता ना, मला एकदा घेऊन चल. तिथे जमलं तर तोंड बंद ठेवायचं. मग त्याने अट घातली. टनकपूरच्या वर शारदा नदी डोंगरातून बाहेर येते, त्या घळीत एक खडीचा रस्ता नदीपर्यंत उतरतो. तिथून खाली जायचं आणि परत वर यायचं. पडलात, किंवा उतरून ढकलावी लागली, तर सायकल मी घेऊन जाणार, असं तो म्हणाला. मी हो म्हणालो. माझ्या घरात बसून माझीच सायकल न्यायची भाषा! पण हो म्हणालो.

नोव्हेंबरात निघालो. मुलगा, सूनबाई, नात आणि मी. नात कॉलेजात शिकते. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, तसं आमचं चालतं. सूनबाई गाडी चालवणार होती आणि सायकली टपावर बांधल्या होत्या. सूनबाईला सायकलचं वेड नाही. तिचं म्हणणं एवढंच, की कोणी तरी शुद्धीवर पाहिजे.

टनकपूरला सकाळी सायकली उतरवल्या. मुलाने खिशातून हवा मोजायचं यंत्र काढलं आणि स्वतःच्या टायरमधली हवा सोडायला लागला. फुस्स्. मग नातीच्या. मला वाटलं पोरगं खुळावलंय.

"खडीवर टायर थोडं मऊ लागतं बाबा. मग दगडाला धरतं."

"मऊ टायर दगडाला धरत नाही, रिमला धरतं. मला शिकवू नकोस."

"आजोबा, सच में, यूट्यूब पे देख लो."

"तुझ्या यूट्यूबला शेडमध्ये पाठव एक दिवस."

ते चहा प्यायला टपरीवर गेले तेव्हा मी पंप काढला आणि माझी दोन्ही चाकं आणखी टणक केली. मुलाला कळलं. तो सायकलीजवळ आला आणि त्याने वाकून माझ्या पुढच्या चाकातली हवा सोडली. मी परत भरली. त्याने परत सोडली. टपरीवाला पकोडे तळायचे सोडून बघत उभा. शेवटी सूनबाई खिडकीतून म्हणाली, "अहो, त्यांना करू द्या त्यांना काय करायचं ते. पोचायचंय ना आपल्याला आज?" तेव्हा तो बाजूला झाला. मी भरली. अंगठ्याने दाबून बघितली. दगड.

सुरुवातीला साल वृक्षांच्या जंगलातून वाट होती, मऊ मातीची. तिथे मी सगळ्यांच्या पुढे होतो. खरंच पुढे होतो, हे कोणी नंतर बोलत नाही म्हणून लिहून ठेवतो. मग जंगल संपलं, डावीकडे डोंगर उभा राहिला, उजवीकडे खोल खाली हिरवी नदी दिसायला लागली, आणि रस्त्यावर खडी सुरू झाली. खडी कसली, गोटेच. माझी सायकल टणाटण उडायला लागली. दात वाजत होते. हँडल एकीकडे ओढायचं, मागचं चाक दुसरीकडे सरकायचं. नात माझ्या शेजारून वाऱ्यासारखी गेली, जणू सडकेवरून चाललीय. जाताना म्हणाली, "आजोबा, हाथ ढीले रखो!" हात कशाला ढिले, मला तर वाटत होतं ढिले केले तर सायकल नदीतच जाईल.

पण उतरलो नाही. नदीपर्यंत एकदाही उतरलो नाही. खाली वाळूवर पोचलो तेव्हा मनगटं बधिर झाली होती. पाण्याचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मुलगा जवळ येऊन म्हणाला, "झकास, बाबा." त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, भीती होती. ती बघून मला राग आला. आपल्या बापाकडे असं बघतात?

पाणी पिऊन झाल्यावर नात माझ्या चाकाशी येऊन बसली. "प्लीज आजोबा. चढाई है. थोड़ी सी निकाल दो."

"नाही."

"सिर्फ आगे वाले की. पापा को नहीं बताऊँगी."

मी मुलाकडे बघितलं. तो पाठमोरा होता, नदीचे फोटो काढत होता. मी पुढच्या चाकातली थोडी हवा सोडली. मागच्यातली सोडली नाही. तेवढं ऐकायला मी काही लहान मूल नव्हतो.

चढताना पुढचं चाक खरंच शांत झालं. दगडाला चिकटून चालायला लागलं. हे मला आवडलं नाही, पण तसं झालं. मागचं मात्र जागच्या जागी फिरायचं. जोर लावला की खडी मागे उडायची आणि सायकल तिथेच. तरी अर्धी चढण चढलो. सूनबाईने वर आणून ठेवलेली गाडी वळणावर उभी दिसत होती. तिथवर एक चढण राहिली, फार उभी. मागचं चाक फिरलं, परत फिरलं, आणि माझा पाय जमिनीवर आला. पडलो नाही. पण उतरलो.

नात पुढे होती. तिने वळून बघितलं आणि तीही उतरली. सायकल ढकलत माझ्यासाठी थांबली. "मैं भी थक गई."

ती थकली नव्हती. तिचा श्वाससुद्धा चढला नव्हता. मी ओरडलो, "बस सायकलवर! माझ्यासाठी उतरायचं नाही!" माझा आवाज घळीत घुमला. ती बसली आणि गेली. मी सायकल वळवून चढणीच्या पायथ्याशी परत नेली. वरून सूनबाईने हॉर्न वाजवला. मी पुन्हा चढलो. त्याच ठिकाणी चाक फिरलं. तोवर मुलगा मागून आला, त्याने सायकल टाकली आणि माझं हँडल धरलं.

"झालं बाबा. अट होती."

"तू वाटेत किती वेळा पाय टेकलास? मी बघितलं."

"माझी गोष्ट वेगळी आहे."

"का वेगळी?"

त्याने हँडल सोडलं नाही. मीही सोडलं नाही. दोघं त्या उतारावर एका सायकलीला धरून उभे. शेवटी दोघांनी मिळून ती वर ढकलली, एकमेकांकडे न बघता. त्याने ती टपावर चढवली आणि कुलूप घातलं.

परतीच्या वाटेवर सीतापूर मागे पडलं. बख्शी का तालाबचं वळण आलं तेव्हा मुलाने सूनबाईला सांगितलं, सरळ चल. आता बाबा आपल्याकडे चार दिवस राहतील. मी म्हणालो, "थांबव." तिने थांबवली. मी उतरलो आणि घरी चालत गेलो. सायकल गेली त्यांच्याबरोबर.

दोन दिवस मी नहरेवर गेलो नाही. चहा प्यायचो आणि बसायचो. कुत्री माझ्यावाचून कोणावर भुंकत होती कोण जाणे. कबूल केलं होतं मी, ते खरं. पण मोजणी फक्त माझीच झाली होती. त्याचे टेकलेले पाय कोणी मोजले नाहीत, नातीचे कोणी मोजले नाहीत, म्हाताऱ्याचा एक पाय टेकला तो मात्र मोजला. हे मनातून जाईना.

तिसऱ्या दिवशी टेम्पो पकडला, मग ई-रिक्षा, आणि गोमती नगरला त्यांच्या बिल्डिंगखाली उतरलो. मुलगा ऑफिसला गेला होता. गार्डने विचारलं, "किससे मिलना है, बाबूजी?" मी म्हणालो, "किसी से नहीं. साइकिल लेनी है." त्याने वर फोन लावला. थोड्या वेळाने नात किल्ली घेऊन खाली आली. तिने साखळीचं कुलूप काढलं. मग म्हणाली, "पापा गुस्सा होंगे."

"होऊ दे. त्याला सांग, मी नेली. तू दिलीस असं सांगू नकोस."

"मैंने ही दी है, आजोबा. वही बताऊँगी."

मी सायकलवर बसलो. रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना मॉल आणि काचेच्या बिल्डिंगी. पुलाजवळ आलो तेव्हा खिशातला फोन वाजायला लागला. थांबून, पाय टेकून उचलायला लागला असता. मी थांबलो नाही.