आमसुली म्हणजे कुठला रंग

घोडपदेवच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर मंडळाची खोली आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर रविवारी सकाळी मी तिथे मुलांना चित्रकला शिकवायला लागले. दहा-बारा मुलं यायची. एकदा त्यांना समोरासमोर बसवलं आणि एकमेकांचे चेहरे काढायला सांगितले. काढले छान, पण रंगवले सगळ्यांनी एकाच फिकट गुलाबी खडूने.

"टीचर, तोंडाचा कलर हाच असतो," एकजण ठामपणे म्हणाला.

"हाताला लावून बघ."

त्याने लावला. मनगटावर रेघ चुन्यासारखी उठून दिसली. सगळे हसले. पण मग कुठला रंग घ्यायचा? ब्राऊन म्हणून मोकळं होण्यापलीकडे मलाही काही सुचेना.

त्याच आठवड्यात हिंदमाताच्या कापडबाजारात ब्लाऊजपीस घ्यायला गेले. तिथल्या दुकानातले वयस्कर सेल्समन माझ्या ओळखीचे. साडीवर मॅचिंग शोधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, रविवारी दुकान उशिरा उघडतं. मीच येतो."

आले ते पिशवीभर कापडाचे तुकडे घेऊन. मुलांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या गालाशी तुकडे धरायला लागले. "हा बदामी. कानाकडे जरा विटकरी. हिला मधाचा रंग, बघा कसा बसला!"

आठ वर्षांची एक मुलगी रांगेत मागे मागे सरकत होती. ती फुलं काढायची, मांजरं काढायची, माणसं म्हटलं की कागद झाकायची. तिची पाळी आली तेव्हा पुटपुटली, "काका, माझा नका बघू. मी काळी आहे."

काकांनी काळा तुकडा तिच्या हाताशी धरला. "जुळतो? नाही ना?" मग चार तुकडे बाजूला टाकून पाचवा उचलला. "हा घे. आमसुली. दुकानात टिकत नाही हा रंग, बायका मागून नेतात."

तो तुकडा समोर ठेवून तिने तपकिरीत लाल घातला, थोडा निळा घातला, पुसला, पुन्हा घातला. तासाभराने कागदभर मोठा चेहरा तयार झाला. मागे पिवळाधमक रंग, कानात हिरवी डुलं.

आई न्यायला आली आणि चित्र बघून दारातच थांबली. "इतकी काळी कशाला केलीस गं?"

"काळी नाही गं, आमसुली! मॅचिंग करून काढलाय."

आईने आपला हात कागदाशेजारी ठेवला. मग हसायलाच लागली. "अगो बाय माझे, म्हणजे मी पण आमसुलीच की!"

पुढच्या रविवारी काका आपणहून आले आणि मुलांच्यात मांडी घालून बसले. म्हणाले, बायकोचं चित्र काढायचंय. कुंकवापर्यंत गाडी गेली आणि अडली. ती मुलगी आता त्यांच्या शेजारीच बसत होती. तिने ब्रश पाण्यात खळबळवत विचारलं, "काका, काकूंचा रंग कुठला?"

काकांनी ब्रश खाली ठेवला. जन्मभर दुसऱ्यांचं मॅचिंग करणारा माणूस, कान लाल झाले त्यांचे.

"घरी जाऊन नीट बघायला लागेल," ते म्हणाले.