अस्वलाचं मराठी

हॉर्नबी उपनगरातल्या फार्मसीत कांचनला सगळे 'कॅन्च' म्हणतात आणि तीही मुकाट्यानं ओ देते. सोळा वर्षांपूर्वी क्राइस्टचर्चला आली, तेव्हा काउंटरपलीकडचा प्रत्येक म्हातारा कानामागे हात धरून "सॉरी, लव्ह?" म्हणायचा. पण बाई कानाची तिखट. दोन महिन्यांत ती इथल्यासारखं टेनला 'टिन' आणि येसला 'यीस' म्हणायला शिकली, आणि औषधाची बाटली हलवत "टिन मिनिट्स, स्वीट ॲज!", म्हणजे 'एकदम झकास', असं फेकायला लागली. हा कान बाबांचा, हे मात्र तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

यंदा नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. बाहेर इकडच्या उन्हाळ्याचा गरम वारा सुटलेला, नवरा सुशील अंगणात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून बार्बेक्यूची जाळी घासत होता, आणि दहा वर्षांची वल्लरी सोफ्यावर उलटी लोंबत "मम, आय ॲम सोऽऽ बोर्ड" असा पाढा म्हणत होती. तेव्हा कांचननं नेटवर शोधून ते कार्टून लावलं. तिच्या लहानपणी नाताळच्या सुट्टीत एकदाच टीव्हीवर लागायचं ते. बर्फ, एक अस्वलाचं पिल्लू, त्याच्या तोंडात काहीतरी पांढरं, चौकोनी.

"हे बघ, आता घुबड येईल हं," कांचन म्हणाली. घुबड आलं. त्यानं चोच उघडायच्या आत कांचन पोट धरून हसायला लागली.

"व्हॉट्स सो फनी? इट हॅजन्ट सेड एनीथिंग!" वल्लरी म्हणाली.

मग घुबड बोललं. "घरी जा, बाळा, उशीर झालाय," इतकंच, इंग्रजीत, अगदी गोड आवाजात. कांचनचं हसू तोंडातल्या तोंडात विरलं.

तिच्या कानात दुसरंच घुबड होतं. नाशिकरोडच्या क्वार्टर्समध्ये टीव्ही एकट्या राजाराम दातारांकडे, म्हणजे तिच्या बाबांकडे. नाताळात दहा-बारा पोरं सतरंजीवर कोंबलेली असायची. कार्टून इंग्रजीत, पोरांना ओ की ठो कळत नसे. बाबा टपालखात्यात सॉर्टर. पत्रं गावागावांच्या कप्प्यांत टाकायची नोकरी. इंग्रजी यायचं ते पत्त्यापुरतं. पण ते खाटेवर मांडी घालून बसायचे, टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि सगळ्यांची सोंगं एकटे काढायचे. अस्वल चंद्राला पत्र द्यायला निघालंय, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. अस्वल बोलायचं सोसायटीच्या सेक्रेटरींसारखं, वाक्यावाक्याला खाकरत. आणि घुबड म्हणजे साक्षात शेजारच्या श्यामलाकाकू, नाकातून: "पिनकोड कुठाय? पिनकोड नको? अहो, पिनकोडशिवाय चंद्रच काय, चांदवडसुद्धा सापडायचं नाही!" पोरं लोळायची. दाराशी उभ्या श्यामलाकाकूही पदर तोंडाला लावून हसायच्या.

कांचन अकरा वर्षांची झाली, तेव्हा बाबांनीच हट्टानं तिला कॉन्व्हेंटात घातलं. त्या डिसेंबरात तिनं उठून टीव्हीचा आवाज मोठा केला. तिला आता कळत होतं, आणि कळतंय हे सगळ्यांना कळायला हवं होतं.

"बाबा, ते असं म्हणतच नाहीये! येत नाही तर गप्प बसा ना!"

पोरं हसली. बाबाही हसले. "खरंय बाई. आता तूच सांग," म्हणाले. तिनं सांगितलं, अगदी बरोबर, शब्दाला शब्द. दहा मिनिटांत सतरंजी रिकामी झाली. पुढच्या नाताळात बाबांनी स्वतःहून ड्युटी मागून घेतली. त्यानंतर त्यांनी कुणाचीच नक्कल केली नाही, घरातही नाही.

कांचननं कार्टून थांबवलं. दुपारचे तीन, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात. तिनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर नेहमीप्रमाणे बाबांचं नुसतं कपाळ आलं.

"काय गं, बरी आहेस ना?"

"बाबा, ते अस्वल करा ना. पत्रवालं. वल्लरीला ऐकवायचंय."

"ते चूक होतं ना गं? तूच म्हणालीस."

"असू दे चूक. घुबड तरी करा."

"छे. श्यामलाबाई गेल्या ना दिवाळीत. गेलेल्या माणसाची नक्कल करू नये." मग फोन खाली आला आणि डोळे दिसले. "पण मला एक सांग. ते घुबड खरं काय म्हणायचं?"

"घरी जा, बाळा, उशीर झालाय."

"बरं. पुढं?"

"पुढं काही नाही. एवढंच."

"एवढंच?" बाबांना खरंच पटेना. "आणि पत्रात काय होतं?"

"पत्र नव्हतंच, बाबा. रुमालात केक होता, त्याच्या आजोबांसाठी."

बाबांनी अपुऱ्या पत्त्याचं पाकीट उलटसुलट करून बघावं, तसा विचार केला. "मग एवढ्यासाठी ओरडलीस होय?" टोमणा नव्हता. चौतीस वर्षं त्यांना वाटत होतं, त्या इंग्रजीत काहीतरी मोठं असणार, आपण त्याची माती केली असणार.

"चुकलं माझं, बाबा."

"अगं, एवढीशी होतीस तू. मी पंचेचाळिशीचा घोडा. मी कशाला मनावर घ्यायचं?" ते म्हणाले. "पण लागलं होतं गं."

'काही नाही गं, विसरलोसुद्धा' असं ते म्हणतील, या आशेवर कांचन बसली होती. पण बाबांना खोटं बोलता यायचं ते फक्त दुसऱ्याच्या आवाजात.

वल्लरीनं मधेच डोकं घातलं. "आजोबा, डू द आउल! प्लीज!"

"नाही गं राणी, आता नाही येत," बाबा म्हणाले. "चल कांचन, ठेवतो. गॅसवर दूध आहे."

"मम, यू डू इट देन," वल्लरी म्हणाली.

कांचनला सगळी वाक्यं पाठ होती, खाकरण्यासकट. तिनं नाकात आवाज धरूनही पाहिला, पण बाबांचं घुबड आपल्या तोंडून काढायला तिचं मन धजेना. मग रिमोट वल्लरीकडे दिला आणि सुशीलला कांदे चिरून द्यायला बाहेर गेली.