चीजवर फोडणीचं तेल

हिवाळ्यात तुरीचे ओले दाणे, म्हणजे आमचे सोले, आले की मला नवीन करायची खुमखुमी येते. त्या रविवारी शंखाच्या आकाराच्या पास्त्यात सोल्यांचं सारण भरलं, वर चीज किसलं आणि ओव्हनमध्ये भाजलं. जेवायला सेलूहून सासरे आले होते. आवडलं नाही की ते बोलत नाहीत, ताटातच हात धुऊन उठतात. माझी नजर त्यांच्या तांब्यावरच. एक घास खाऊन त्यांनी तांब्याकडे हात नेला. पण तो नुसता बाजूला सारला.

“एवढं कोरडं काऊन वाढून राह्यली? फोडणीचं तेल आण.”

डाळीचे गोळे घालून केलेल्या गोळाभातावर घेतात तसं कढत तेल त्यांनी माझ्या चीजवर ओतलं. मी चिडून त्यांच्यासारखंच थोडं तेल घालून एक घास खाल्ला. मग मुकाट्यानं तेलाची वाटी माझ्याकडे ओढली.