करून राहिलो

वजन कमी करायला निघालेल्या माणसाचं वजन कमी होवो न होवो, त्याच्याभोवती किस्से मात्र भराभर जमतात. आमच्या ऑफिसात तर चार माणसं एकदम निघाली होती, त्यामुळे किस्से ठेवायला जागा उरलेली नाही. म्हणून त्यातले काही इथे उतरवून ठेवते. यात थोटेंचेही आहेत. पण थोटे दोन ओळींपेक्षा लांब काहीही वाचत नाहीत, तेव्हा हे त्यांच्यापर्यंत पोचायची भीती नाही.

आमचं ऑफिस सदरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. वर गच्ची. बोरकर साहेब म्हणजे मॅनेजर, लांजेवार मॅडम, थोटे आणि मी. सगळे चाळिशी-पन्नाशीतले, सगळे लिफ्ट बंद असली की हळहळणारे. अशा शांत संसारात पुण्याहून कौस्तुभ बदली होऊन आला. वय तिशीच्या आत, पोट नाही, आणि डब्यात उकडलेल्या भाज्या! पहिल्याच आठवड्यात त्याने आम्हाला गच्चीवर नेलं, व्यायामाचं रूटीन समजावून सांगितलं आणि 'फिट सदर' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. दर सोमवारी प्रत्येकाने आपापली प्रगती ग्रुपवर टाकायची, असा नियम.

"मोजलं नाही तर सुधारणार नाही," तो म्हणाला.

"मोजलं तर झोप उडेल," बोरकर साहेब म्हणाले. पण आले. मॅनेजर नाही आला तर बाकीचे कशाला येतील?

*

पहिला महिना आमची प्रगती थक्क करणारी होती. कौस्तुभ रोज सकाळी ग्रुपवर विचारायचा, "आजचे स्क्वॉट्स झाले का?" लांजेवार मॅडम लिहायच्या, "करून राहिली." साहेब लिहायचे, "करून राहिलो." मीही तेच लिहायचे. कौस्तुभ प्रत्येकाला टाळ्या पाठवायचा.

एके दिवशी त्याने हौसेने लांजेवार मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. मॅडम पलंगावर बसून चहात टोस्ट बुडवत होत्या.

"मॅडम, तुम्ही तर स्क्वॉट्स करून राहिल्या होतात ना?"

"हो ना जी, करूनच राहिली. हा चहा झाला की उठते."

मग उलगडा झाला. कौस्तुभच्या पुणेरी कानांना 'करून राहिलो' म्हणजे करून मोकळा झालो, आता निवांत आहे, असं ऐकू येत होतं. बोरकर साहेबांनी त्याला केबिनमध्ये बसवून शिकवणी दिली. "हे पहा, आमच्याकडे 'करून राहिलो' म्हणजे काम चालू आहे."

"मग काम संपल्यावर काय म्हणता?"

"झालं म्हणतो."

कौस्तुभने ग्रुप वरपासून खालपर्यंत चाळला. "पण सर, 'झालं' असं इथे कुणीच लिहिलेलं नाही."

साहेब म्हणाले, "बराबर आहे. अजून कोणाचं झालं नाही!"

*

साहेबांचं पोट मात्र खरोखर कमी व्हायला लागलं. वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "काटा पाणीपण मोजते," म्हणून ते टेप वापरायचे. दर सोमवारी गच्चीवर लांजेवार मॅडम आपल्या शिवणाच्या डब्यातला टेप आणायच्या, साहेब श्वास रोखून उभे राहायचे, आणि दर सोमवारी पोट थोडं आत गेलेलं असायचं. तेही रोज तर्री-पोहे खाऊन! साहेबांनी कौस्तुभला सांगून टाकलं की तुमच्या डाएटमध्ये तर्रीचा विचार झालेला दिसत नाही.

पँट मात्र पूर्वीइतकीच घट्ट होती. तो धुण्यातला दोष, असं साहेबांचं मत.

शेवटी एकदा मीच तो टेप ऑफिसातल्या स्टीलच्या फूटपट्टीला लावून पाहिला. कापडी टेप. मॅडमच्या लग्नातला. ओढून ओढून चांगला लांब झालेला. दर सोमवारी मॅडम साहेबांच्या पोटाभोवती जोर लावून ओढायच्या, त्यात तो आणखी वाढायचा.

साहेबांनी बातमी शांतपणे ऐकली. म्हणाले, "म्हणजे कोणाचा तरी व्यायाम झाला म्हणायचं."

*

लांजेवार मॅडमच्या मुलाने बेंगळुरूहून त्यांना घड्याळ पाठवलं. चाललेली पावलं मोजणारं, ठोके मोजणारं, आणि बसून राहिलं की मनगटाला चिमटा काढल्यासारखं थरथरणारं. मॅडम त्याला 'सासूबाई' म्हणायच्या.

दिवाळीनंतरच्या सोमवारी मॅडमनी घड्याळाचा असा आकडा टाकला की कौस्तुभ खुर्चीतून उठून त्यांच्या टेबलाशी आला. एवढी पावलं तो स्वतः कधी चालला नव्हता.

"मॅडम, हे सगळं एका दिवसात? काय केलं, एचआयआयटी?"

हा त्याचा धापा टाकायला लावणारा व्यायामप्रकार; त्याने ते 'हिट' असं म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "हिट? काय सांगू जी, गजब हिट होती! उलट्या मडक्याले खालून जाळ, अन् चाळीस माणसाचं जेवण."

मॅडमच्या दिराकडे कार्यक्रम होता आणि मॅडम दिवसभर लांब रोट्या करत होत्या. ज्यांनी आमच्याकडची लांब रोटी होताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पातळसर कणीक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि उलट्या मडक्यावर टाकायची. प्रत्येक झुलव्याला सासूबाईंनी एक पाऊल धरलं होतं! संध्याकाळी घड्याळाने मॅडमचं अभिनंदन केलं आणि थोडा आराम करायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला आराम कर म्हणणारं हे पहिलंच.

*

आता थोटे. अबोल माणूस, मूळचे उमरेडचे. पहिल्या दिवशी कौस्तुभने प्रत्येकाला आपलं टार्गेट विचारलं. आम्ही तिघांनी किती किलो कमी करायचे ते सांगितलं. थोटे म्हणाले, "मले उचलायचं आहे. बेचाळीस किलो."

"वा! डेडलिफ्ट?"

"नाही जी. आई."

आजी, म्हणजे थोटेंच्या आई, मागच्या वर्षी न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना जवळ पडावा म्हणून थोटेंनी रामदासपेठेतल्या एका जुन्या बिल्डिंगीत फ्लॅट घेतला, भाड्याचा, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. ऑपरेशननंतर आजींना स्ट्रेचरवरून वर चढवलं, त्या पुन्हा खाली उतरल्याच नाहीत. उमरेडला त्यांची धाकटी बहीण आहे. तिचेही गुडघे गेलेले. दोघी रोज फोनवर भांडतात. आजींचं एकच म्हणणं होतं, एकदा तिच्याशी समोर बसून भांडायचं आहे.

खुर्चीत बसवून चौघांनी खाली न्यावं, तर आजी ऐकेनात. "मी का गणपती हाओ का, खुर्चीवर बसवून मिरवाले? नेते त माह्या पोरगा नेईन." आणि पोराच्या कमरेने तर पाण्याचा कॅन उचलतानाच दगा दिलेला!

म्हणून थोटेंनी गच्चीवर चुंगडी आणली. म्हणजे तांदळाचं पोतं. सुरुवातीला जेमतेम तळाशी तांदूळ, मग दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत. कौस्तुभने त्यांना कंबर सरळ ठेवून गुडघ्यांतून उठायला शिकवलं. आम्ही तिघं इकडे टिवल्याबावल्या करायचो आणि कोपऱ्यात थोटे चुंगडी छातीशी धरून जिन्याच्या पायऱ्या उतरायचे, चढायचे. तिला ते कधी आपटत नसत. अलगद ठेवायचे.

*

घरी ते आणि त्यांची बायको आजींना दोन्ही बाजूंनी धरून काट्यावर उभं करायचे, म्हणजे चुंगडी केवढी करायची ते कळावं. काही आठवड्यांनी सोमवारी थोटे आपली प्रगती सांगायला उभे राहिले.

"चुंगडीचं वजन वर जाऊन राहिलं. आईचं खाली येऊन राहिलं. बीचमध्ये कुठंतरी भेट होईल."

आम्हाला आधी विनोदच वाटला. आजी पडल्यापासून नीट जेवत नव्हत्या, दर वेळी काटा थोडा खालीच दाखवत होता. कौस्तुभ त्याच्या उत्साहात म्हणून गेला, "म्हणजे टार्गेट सोपं झालं, थोटे सर!"

थोटे चुंगडीकडे बघत म्हणाले, "मले सोपं नको आहे, सर."

मला तर खूप वाईट वाटलं. त्यांनी चुंगडीतला एक दाणाही कमी केला नाही, ती भरत भरत बेचाळीसवरच नेली.

*

मध्ये मी आजींना भेटायला गेले. मऊ भात आणि वरणाचा डबा नेला होता. आजी पलंगावर बसून खलबत्त्यात विडा कुटत होत्या. दात नाहीत, पण विडा सुटलेला नाही. तो खलबत्ता लोखंडी, माहेरचा. डबा ठेवायला जागा करावी म्हणून सरकवायला गेले तर मला दोन्ही हात लावावे लागले. आजी एका हाताने ओढायच्या!

थोटे चहा करायला आत गेले तशा आजी हळूच म्हणाल्या, "कावं, त्याची चुंगडी केवढ्याची झाली?"

"बेचाळीस किलोची, आजी."

"अन् मी?"

"मला कुठे माहीत?"

"तुले मालूम आहे. सांगून नाही राहिली." आणि त्या पुन्हा विडा कुटायला लागल्या.

त्या दिवसानंतर आजींनी काट्यावर पाय ठेवला नाही. थोटेंनी लाख विनवलं. "मी का सोयाबीन हाओ का, घडीघडी काट्यावर चढवाले?" एवढंच उत्तर! थोटेंचा जीव टांगणीला लागला. सोमवारी त्यांच्याजवळ सांगायला काही नसायचं. आकडा कळत नाही म्हणजे तो वाईटच असणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

*

थंडीतला एक रविवार ठरला. कौस्तुभ सुट्टी घेऊन पुण्याला गेला होता, पण त्याने ग्रुपवर इतक्या सूचना पाठवल्या होत्या की विमानसुद्धा उतरवता आलं असतं. बोरकर साहेब त्यांची गाडी घेऊन खाली उभे. लांजेवार मॅडम फाटकाशी, येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटर थांबवत. मी वर, आजींची कपड्यांची पिशवी धरायला.

आजी पलंगाच्या काठावर तयार होऊन बसल्या होत्या. नऊवारी, आणि वरून गळ्यापासून पावलांपर्यंत घट्ट गुंडाळलेली शाल. दोन्ही हात शालीच्या आत. थोटे वाकले, एक हात पाठीमागे, एक गुडघ्यांखाली, आणि गच्चीवर करायचे तसे पायांतून उठले. उठताना थोडे डगमगले. मग सावरले.

जिन्यात त्यांच्या पुढे त्यांची बायको, मागे मी. पहिल्या वळणावर थोटे भिंतीला टेकले.

"काहून थांबला गा?"

"दम घेऊन राहिलो, आई."

"घे ना मग. मले का बस पकडाची आहे?"

थोटेंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घाम फुटलेला, आणि डोळे भरून आलेले. "मॅडम, आई भरली! चुंगडीपेक्षा भारी लागून राहिली!" शेवटचा मजला तो माणूस हसत उतरला.

गाडीत आजींना बसवलं. थोटे डिक्कीत पिशवी ठेवायला मागे गेले. शालीचं टोक दारात अडकत होतं म्हणून मी ते आत खोचायला गेले, तर हाताला गार लोखंड लागलं. शाल जराशी बाजूला केली. मांडीवर, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, खलबत्ता.

मी आजींकडे पाहिलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं.

"सामान आहे माह्यं," त्या म्हणाल्या, शाल ओढून घेतली आणि पुढे बघायला लागल्या. "दार लाव वं."

गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा ग्रुपवर पुण्याहून मेसेज आला होता, "थोटे सर, उतरवून राहिले, की झालं?"

गाडीतूनच थोटेंचं उत्तर आलं, "झालं. आईचं वजन पण वाढलं!"

मी अंगठा पाठवला.