दौंडच्या बाजारात वाचलेली पाटी

दौंडच्या आठवडी बाजारात मुलगी हरवली, तेव्हा सुरुवातीला कुणी घाबरलं नाही. असं झालं तर काय करायचं हे घरात ठरलेलं होतं. घर म्हणजे एक व्हॅन. नवरा, मी, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असे आम्ही चौघं तीन वर्षं तिच्यात राहत होतो. नवऱ्याचं काम लॅपटॉपवर चालायचं. मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून बाहेरून मजकूर तपासायची कामं घेत होते. मुलं शाळेत जात नव्हती. त्यांना आम्हीच शिकवत होतो.

ठरलेलं होतं ते असं : हरवल्यावर फिरत राहायचं नाही. जवळच्या दुकानासमोर थांबायचं, पाटी वाचायची, कुणाकडून तरी फोन मागून घ्यायचा आणि आईला दुकानाचं नाव सांगायचं. माझा नंबर मुलीला पाठ होता.

मेथीची जुडी पिशवीत कोंबून मी वळले तर ती शेजारी नव्हती. थोड्याच वेळात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आई, मी हरवलेय. तू घाबरू नकोस. मी कृषी सेवा केंद्रासमोर उभी आहे."

"नाव काय आहे केंद्राचं?"

"कृषी सेवा केंद्र. एवढंच लिहिलंय. फोन ठेवते, या काकांची जीप सुटतेय."

आवाज शांत होता. शिकवलेलं सगळं तिने क्रमाने केलं होतं. त्या क्षणी मला तिचं कौतुक वाटलं.

बाजाराच्या कडेला एक कृषी सेवा केंद्र होतं. तिथे ती नव्हती. दुकानदाराने खताच्या पोत्यांवरून मान वर काढली. "लेकरू? न्हाई बा. चौकात अजून एक हाय, तिथं बघा." चौकातल्या दुकानातही ती नव्हती. "सकाळधरनं गिऱ्हाईक न्हाई ताई, लेकरू कुठलं यायला?" तिथला दुकानदार म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून त्याने पोऱ्याला दुकानावर बसवून मला तिसरं दुकान दाखवलं. तेही रिकामंच होतं.

नवरा मुलाला घेऊन गावाबाहेरच्या गॅरेजमध्ये व्हॅनचं काम करून घेत होता. त्याला फोन केला, तेव्हा माझ्या तोंडून वाक्य धड पुरं होईना. मग ज्या नंबरवरून मुलीचा फोन आला होता तो लावला. तो माणूस जीपमध्ये बसून केडगावच्या वाटेला लागला होता.

"आवो ताई, तुम्ही अजून पोचला न्हाईत व्हय? पोरगी टायरच्या दुकानाम्होरं उभी हाय. रेल्वेच्या मोरीच्या अलीकडं."

"ती कृषी सेवा केंद्र म्हणाली."

"कुठलं कृषी आन् कुठली सेवा! भाईर ट्रॅक्टरच्या टायरी रचल्यात. मी तिथंच च्या प्यालो की."

मुलगी तिथेच होती. रचलेल्या टायरांना टेकून, दोन्ही हात मागे घेऊन. मला पाहिल्यावरही ती पळत आली नाही. जागा सोडायची नाही असं तिला सांगितलेलं होतं.

दुकानाचे मालक साठीच्या घरातले होते. त्यांनी तिला बिस्किटाचा पुडा दिला होता, तो तिने फोडला नव्हता. "पोरगी लई गुणाची हाय. जागची हालली न्हाई," ते म्हणाले. "कंच्या शाळंत हाय?"

"शाळेत नाही. आम्ही गाडीतच शिकवतो."

"गाडीत? म्हंजी आत्तापास्नं डायव्हरकी!" ते स्वतःच्याच विनोदावर हसले.

मी पाटी पाहिली. हिरवी पाटी, एका बाजूला लाल ट्रॅक्टरचं चित्र, पिवळी अक्षरं. 'ट्रॅक्टर टायर-ट्यूब, नवीन व जुने.' कृषी हा शब्द कुठेच नव्हता.

"वर काय लिहिलंय, वाच बरं."

तिने बोट उचललं. हवेतच ते अक्षरांखालून डावीकडून उजवीकडे सरकवत तिने वाचलं, "कृ-षी से-वा केंद्र." बोट ओळीच्या शेवटाला पोचलं तेव्हाच शेवटचं अक्षर उच्चारून झालं. उच्चार स्वच्छ होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं 'शाबास' ऐकायला.

मालकांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते आत गेले.

आमचा मुक्काम तेव्हा वडगाव रासाईला, भीमेकाठी एका मळ्यात होता. मळा ज्यांचा, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, म्हणून आम्हीही आप्पाच म्हणायचो. त्या गावाच्या रस्त्यावर एक कृषी सेवा केंद्र आहे. त्याची पाटी हिरवी आहे. तिच्यावर लाल ट्रॅक्टर आहे. येता-जाता मुलगी ती रोज वाचत असे.

दौंडहून परतताना नवरा म्हणाला, "घाबरली असेल. घाबरल्यावर मोठी माणसंही भलतंच वाचतात."

मळ्यात पोचल्यावर, उजेड होता तोवरच, त्याने व्हॅनमधलं एक पुस्तक काढलं. जागा कमी म्हणून पुस्तकं मोजकीच होती. मुलीने पहिलं पान घडाघडा वाचलं. त्याने मधलंच पान उघडलं. तिने चित्र पाहिलं आणि तेही वाचलं, एक शब्द न चुकता. त्याने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मग त्याने दुसरं पान उघडलं आणि चित्रावर तळहात ठेवला.

ती त्याच्या हाताकडे बघत राहिली.

मी मुलीची लिहायची पाटी घेऊन तिच्यावर 'पाणी' लिहिलं. खाली 'गवत' लिहिलं.

"हे कुठलं आहे?" तिने विचारलं.

"कुठलं म्हणजे?"

"कुठल्या पुस्तकातलं? हे मला अजून कुणी वाचून दाखवलेलं नाही."

नवीन मजकूर आधी आमच्यापैकी एकाने मोठ्याने वाचायचा आणि मग तिने, असा नियम होता. तो माझा होता. वर्तमानपत्रात मुद्रिततपासनिसाच्या टेबलावर इतकी वर्षं काढल्यावर मुलांच्या कानावर चुकीचा उच्चार एकदाही पडू नये, असं मला वाटत होतं. रस्त्यावरच्या पाट्यांनाही तोच नियम. नवरा गाडी चालवताना पाटी वाचायचा, पाठोपाठ ती वाचायची. एकदा-दोनदा ऐकलेलं तिच्या डोक्यात बसत होतं. लिहिताना ती समोर बघून उतरवायची आणि अक्षर इतकं वळणदार यायचं की वहीचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जायचे. तीन वर्षांत तिच्यासमोर कुणी न वाचलेला एकही शब्द आला नव्हता.

"मग तू वाचतेस कशी?" नवऱ्याने विचारलं. आवाज चढू नये म्हणून तो हळू बोलत होता.

"तुम्ही सांगता. मी लक्षात ठेवते."

"आणि आम्ही कसं वाचतो?"

हा प्रश्न तिला सोपा वाटला. "तुम्हाला सगळं पाठ आहे. मोठं झाल्यावर माझंही होईल ना?"

ती लपवत नव्हती. फसवतही नव्हती. दुनियेतली प्रत्येक पाटी, प्रत्येक पुस्तक, माझ्या लॅपटॉपवर रोज येणारा मजकूर, हे सगळं आम्ही कधीतरी कुणाकडून ऐकून लक्षात ठेवलंय असं तिला वाटत होतं. वाचन म्हणजे तेच, अशी तिची समजूत होती, आणि तिला ती आमच्याकडूनच मिळाली होती. नवरा व्हॅनबाहेर जाऊन उभा राहिला. मला कितीतरी वेळ पाटीवरचे ते दोन शब्द पुसता आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात कर्नाटकच्या किनाऱ्याकडे निघायचं ठरलेलं होतं. जेवणं झाल्यावर नवरा म्हणाला, "मी शिकवतो. रोज बसतो तिच्याबरोबर. गोकर्णला पोचेपर्यंत येईल."

"रोजच बसत होतो आपण."

"शाळेत टाकली तर गाडी उभी राहणार, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

तो उत्तर देणार तेवढ्यात आप्पा दुधाची किटली घेऊन आले. त्यांनी काय झालं ते विचारलं, आणि आमच्यातलं कुणीच खोटं बोललं नाही. ऐकून ते बांधावर टेकले.

"मंग बाईंकडं धाडा की. शाळा मळ्याच्या वाटंवरच हाय. ऊसतोडीवाल्यांची पोरं येत्यात, ती बी बसत्यात. कारखाना बंद झाला की जात्यात." मग व्हॅनकडे हात करून म्हणाले, "तुमचं बी तेच की वो. त्यांची ट्रॅक्टर-ट्रॉली, तुमची एशीची गाडी. आन् गाडीचं म्हणाल, तर हितं कोण उठवतंय तुम्हास्नी?"

नवरा हसला नाही. पण गोकर्णचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

सकाळी मी मुलीला घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. बाई तरुण होत्या. वय पाहून म्हणाल्या, "तिसरीत नाव लागेल. पण थोडे दिवस पहिलीत बसू दे. चालेल ना गं?" मुलीने मान हलवली. ती पहिलीच्या रांगेत बसली तेव्हा शेजारच्या मुलीपेक्षा डोकंभर उंच दिसत होती. शेजारणीने तिला विचारलं, "नापास झालीस का?" तिने विचार करून सांगितलं, "माहीत नाही."

बाई फळ्यावरच्या अक्षरांवर पट्टी ठेवत होत्या आणि मुलं ओरडत होती. मुलगीही ओरडत होती. दारातून पाहताना मला ऐकू आलं : तिचा आवाज इतरांच्या किंचित मागून येत होता. बाईंनाही ते ऐकू आलं असावं.

"थांबा रे सगळे. हिला म्हणू द्या."

पट्टी 'म'वर होती. वर्ग गप्प झाला. मुलीने फळ्याकडे पाहिलं, शेजारणीच्या तोंडाकडे पाहिलं. शेजारणीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मग मुलीने मान वळवून दाराकडे, माझ्याकडे पाहिलं.

माझे ओठ मिटत आले होते. आणखी थोडे मिटले असते तर तिला अक्षर मिळालं असतं.

मी तोंड फिरवून मैदानाकडे पाहत उभी राहिले.